रविवारच्या लँग्वेज मीटअपची तयारी, सांगलीकर मंडळींनी वाचून ठेवा

मंडळी, रविवारी विश्रामबागच्या हॉलमध्ये पायथन, गो आणि रस्ट या प्रोग्रामिंग भाषांवर तीन टॉक ठरलेत, तर तयारीचं एकदाच सगळं लिहून टाकतो. स्पीकर लोकांनी आज रात्रीच आपल्या स्लाइड्स उघडून बघा आणि इतिहासाच्या सरळ उडवा, गो २००९ मध्ये गूगलने ओपन सोर्स केली आणि रस्ट १.० मे २०१५ मध्ये आली हे एका वाक्यात सांगून होतं, पोरं त्यासाठी रविवारची झोप मोडून येत नाहीत. त्यांना कोड चालताना बघायचाय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तिघांनी मिळून एकच प्रोग्राम घ्या, "सांगली" या शब्दाची लांबी मोजायची, बस. पायथनमध्ये लेन (लांबी सांगणारं फंक्शन) लावलं की ६ येतं, गो आणि रस्टमध्ये लेन लावलं की १८, आणि पहिल्या रांगेतल्या कुठल्याही पोराला विचारलं तर तो सां-ग-ली असं बोटावर मोजून ३ म्हणणार. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. पायथन कोड पॉइंट, म्हणजे युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या मानकात एकेका चिन्हाला दिलेले क्रमांक, मोजतं, इथे स, काना, अनुस्वार, ग, ल, दीर्घ वेलांटी असे सहा, गो आणि रस्ट यूटीएफ-८ चे (युनिकोड मजकूर साठवायची पद्धत) बाइट मोजतात आणि देवनागरीचा प्रत्येक कोड पॉइंट तिथे ३ बाइट खातो, म्हणून १८. इथे थांबा, घाई करू नका, लोकांना आपापल्या लॅपटॉपवर "मिरज" टाकून बघू द्या (४ आणि १२ यायला पाहिजे), कारण कुठली भाषा कशाला लांबी मानते हे एकदा स्वतःच्या हाताने बघितलं की ते डोक्यातून जात नाही. कुणी "कृष्णा" टाकलंच तर त्याचीही तयारी ठेवा, डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजताना जुन्या लायब्ररीत ३ येतात आणि नव्यात २, कारण जोडाक्षर एकत्र धरायचा नियम २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये आला, तेव्हा आपल्या मशीनवर काय येतं ते घरीच रन करून बघून या.

आता नेट. हॉलच्या वायफायवर कुणीही अवलंबून राहू नका. मागच्या वेळी माझ्याच टॉकमध्ये बिल्ड सुरू केला आणि क्रेट (रस्टच्या तयार लायब्ररी) डाउनलोड व्हायला लागले, मोबाइलचा हॉटस्पॉट रडत होता आणि पन्नास माणसं शांत बसून होती, मला अजून आठवलं की वाईट वाटतं. रस्टमध्ये ते ३ उत्तर काढायला युनिकोड-सेगमेंटेशन नावाचं क्रेट लागतं, स्टँडर्ड लायब्ररीत ती सोय नाही, तर ते घरून बिल्ड करून आणा आणि स्टेजवर कार्गो रनला (रस्टचा प्रोग्राम चालवायची कमांड) ऑफलाइन फ्लॅग लावा. डॉक्युमेंटेशन दाखवायचं असेल तर रस्टअप डॉक या कमांडने ते नेट नसतानाही उघडतं. शनिवारी वायफाय बंद करून पूर्ण टॉक एकदा म्हणून बघा, वेळ लावून.

स्क्रीनचं सांगायचं राहिलं, एडिटरची थीम लाइट ठेवा, त्या हॉलला पडदे नाहीत आणि डार्क थीम दुपारच्या उजेडात काहीच दिसत नाही, फॉन्ट २४ च्या खाली नको. आणि देवनागरी शब्द टर्मिनलमध्ये दाखवू नका, बऱ्याच टर्मिनलमध्ये काना-वेलांट्या सुट्या होऊन पसरतात आणि लोकांना वाटतं आपला कोडच चुकला, शब्द एडिटरमध्ये दाखवा, टर्मिनलमध्ये फक्त आकडा छापा. टाइप-सी टू एचडीएमआयचा कन्व्हर्टर मी आणतो, तरी ज्याच्याकडे असेल त्याने आणा, एक्स्टेन्शन बोर्ड दोन लागतील.

चहा आणि भडंग सांगून झालंय. टॉक मराठीतच, ओनरशिप, गोरूटीन हे रस्ट-गोचे शब्द आहेत तसेच वापरा पण ते समजावताना इंग्रजीत शिरू नका, डिप्लोमाची पोरं खूप येणारेत आणि त्यांना प्रश्न विचारायला आधीच अवघड वाटतं. प्रत्येक टॉकला २५ मिनिटं, पुढची १५ प्रश्नांना, त्यातला पहिला प्रश्न मागच्या रांगेतून घ्या. कोल्हापूरहून येणाऱ्या स्पीकरला स्टँडवरून आणायला एक टू-व्हीलरवाला पाहिजे, कोण जातंय ते आज सांगा. हॉलची चावी शनिवारी संध्याकाळी सातच्या आत घ्यायची आहे, ती मी घेतो.