लेबलजवळ फाटणारा आवाज: टोनआर्मची जुळणी

रेकॉर्ड सुरुवातीला स्वच्छ वाजायची, पण लेबलजवळच्या गाण्यात 'स' आणि 'श' फाटायचे. सुई बदलूनही तेच, म्हणजे दोष कार्ट्रिजच्या (सुई धरणाऱ्या डबीच्या) बसवणुकीत. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला 146 मिमी त्रिज्येवर सुईखालून सेकंदाला सुमारे 510 मिमी खाच सरकते, 60 मिमीवर जेमतेम 210. म्हणूनच खाचेशी सुईच्या कोनातली तेवढीच चूक आतल्या बाजूला जास्त ऐकू येते.

या टोनआर्मचं, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याचं, पिव्हट (दांडा ज्यावर फिरतो तो बिंदू) ते स्पिंडल (रेकॉर्डच्या मधली खुंटी) अंतर 212 मिमी. बेअरवाल्ड पद्धतीने (कार्ट्रिज बसवण्याच्या एका गणिताने) सुई स्पिंडलच्या 18 मिमी पुढे जायला हवी आणि ऑफसेट, म्हणजे कार्ट्रिजचा आर्मशी तिरपा कोन, 24 अंश. प्रत्यक्षात ओव्हरहँग (सुईचं हे पुढे जाणं) 15 मिमीच भरला.

हेडशेलचे (आर्मच्या टोकाच्या, कार्ट्रिज बसवायच्या भागाचे) स्क्रू कार्ट्रिज जेमतेम सरकेल इतकेच सैल केले. मग प्रोट्रॅक्टरवरच्या (जुळणीसाठीच्या रेघा आखलेल्या पट्टीवरच्या) स्पिंडलपासून 66 आणि 120.9 मिमीच्या बिंदूंवर सुईचं टोक टेकवून, दोन्हीकडे कँटिलिव्हर (सुई बसवलेली बारीक काडी) रेघांना समांतर येईपर्यंत कार्ट्रिज पुढे घेत, किंचित वळवत गेलो. नजर कँटिलिव्हरवरच ठेवावी. तो कार्ट्रिजच्या अंगाशी सरळ असेलच असं नाही. स्क्रू आवळताना कार्ट्रिज हमखास फिरतं, म्हणून दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे आणि पुन्हा दोन्ही बिंदू तपासायचे. कंटाळवाणं आहे, पण सगळा फरक इथेच पडतो.

कार्ट्रिज पुढे गेल्याने सुईवरचा भार 1.8 ग्रॅमवरून 1.9च्या आसपास गेला. काउंटरवेट (आर्मच्या मागच्या टोकाचं वजन) किंचित मागे घेऊन तो परत 1.8 केला. अँटीस्केट (आर्मची आत ओढली जाण्याची ओढ रोखणारा दाब) त्यानंतरच लावलं. आता शेवटचं गाणंही स्वच्छ वाजतं.