द्राक्षाचे पैसे एकरकमी हाती आले की एफडी कशी करावी

दिंडोरी-निफाड भागात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बागेचा माल जातो आणि वर्षाची कमाई एकदम खात्यावर जमा होते. ती सगळी एफडीच्या (मुदत ठेवीच्या) एकाच पावतीत अडकवली, की सप्टेंबरात औषधांच्या दुकानाची उधारी भागवायला तीच पावती मोडावी लागते. म्हणून बँकेत जाण्याआधी वर्षाचा खर्च महिनावार कागदावर मांडा. समजा, देणी फेडून हाती ८ लाख उरले.

खरड छाटणीची (माल निघाल्यावर एप्रिलच्या सुमारास होणारी) मजुरी आणि जूनमधली शाळेची फी यांचे मिळून १ लाख बचत खात्यातच राहू द्या.

गोडी छाटणीपासून (फळासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात होणारी) माल निघेपर्यंतचे ३ लाख वेगळे काढा. त्यांच्या दीड-दीड लाखाच्या दोन पावत्या करा. एकीची मुदत सप्टेंबरच्या मध्यावर संपू द्या, दुसरीची नोव्हेंबरात. काउंटरवर नुसते 'सहा महिने' म्हणू नका, पैसे कोणत्या तारखेला हवेत ते सांगा. एफडी दिवसांच्या हिशेबानेही होते.

उरलेले ४ लाख दुसऱ्या बँकेत ठेवा, तेही एकेक लाखाच्या चार पावत्या करून: दोन एका वर्षाच्या, दोन दोन वर्षांच्या. पावत्या तोडून करण्याचे कारण आकड्यांत पाहा. ४ लाखांची एकच पावती ७ टक्क्यांनी वर्षासाठी केली आणि सहा महिन्यांत मोडली, तर ७ टक्के मिळत नाहीत. सहा महिन्यांचा जो दर असेल, समजा साडेपाच, त्यातून साधारण १ टक्का दंड वजा होऊन साडेचार टक्के हाती पडतात. म्हणजे १४,००० ऐवजी ९,००० रुपये व्याज. गरज ६०,००० ची असली तरी नुकसान सगळ्या ४ लाखांवर. एक लाखाची पावती मोडली असती तर १,२५० रुपयांवर भागले असते. अडचण पंधरा-वीस दिवसांचीच असेल तर मोडूही नका, पावतीवर कर्ज मागा. व्याज सहसा एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असते.

दोन बँका कशासाठी? ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर मिळणारी भरपाई, एका ठेवीदाराला एका बँकेत व्याज धरून ५ लाखांपर्यंतच मिळतो. नाशिक रोड, पिंपळगाव आणि ओझर अशा तीन शाखांत ठेवले तरी बँक एकच असेल तर मर्यादा एकच. म्हणून मुद्दल साडेचार लाखांच्या आतच ठेवा, व्याजाला जागा राहते. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे, पतसंस्थेला नाही. पतसंस्थेचा दर जास्त दिसतो, एजंट ओळखीचा असतो, घरी येऊन पैसे नेतो. पण ती बुडाली तर विम्याचा एक रुपयाही मिळत नाही. बागेच्या खर्चाचा पैसा तिथे ठेवूच नये.

शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी एफडीचे व्याज करपात्र आहे. एका बँकेतले व्याज वर्षाला ५०,००० च्या वर गेले (ज्येष्ठांना १ लाख), की टीडीएस, म्हणजे व्याजातूनच आधी कापून घेतलेला कर, कापतात. पॅन दिलेला नसेल तर १० ऐवजी २० टक्के.

सही करण्याआधी फॉर्ममध्ये दोन रकाने तपासा. नॉमिनीचे नाव प्रत्येक पावतीवर घाला. आणि छाटणीच्या दोन पावत्यांवर 'आपोआप नूतनीकरण' नको, 'मुदतीनंतर बचत खात्यात जमा' असे लिहून घ्या. नाहीतर ऐन सप्टेंबरात पैसे पुन्हा सहा महिने अडकतात.