निसटलेला टाका, सगळं न उसवता

बाळाच्या स्वेटरमध्ये चार ओळी खाली टाका निसटलेला दिसला, तर लगेच उसवू नका. आधी त्यात सेफ्टी पिन अडकवा, म्हणजे तो आणखी खाली धावणार नाही. सुलट बाजू समोर धरा, क्रोशाची सुई समोरून टाक्यात घाला आणि त्याच्या लगेच वरचा आडवा धागा त्यातून ओढा. असंच शिडीसारखं वर चढत या. धागे क्रमानेच घ्या. एक राहिला तर मागे लोंबतो. तिथे उलट टाका हवा असेल तर विणकाम फिरवून मागच्या बाजूने हेच करा. गळ्याच्या घटीत, म्हणजे टाके कमी करतो तिथे, चूक असेल तर मात्र सरळ उसवा, तिथे डागडुजी लपत नाही.