लोकसहभागातून शहर वाहतूक नियोजन : नव्याने येणाऱ्यांनी आधी मोजणीचा तक्ता वाचायला शिकावं

प्लॅनिंग, सिव्हिल किंवा समाजकार्य शिकून तुम्ही या कामात उतरत असाल, तर विकास आराखडा म्हणजे काय, बीआरटी (बससाठी राखीव लेनची व्यवस्था) म्हणजे काय, महापालिकेत पथ विभाग काय करतो हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. उदाहरणं पुण्याची आहेत. मुंबई-नागपूरला खात्यांची नावं थोडी बदलतील, अडचणी याच राहतील.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. लोकांची सभा घेणं हे या कामातलं सगळ्यात अवघड पाऊल नाही. सभेच्या टेबलावर कोणता कागद ठेवला जातो, यावर सभेचा निकाल बराचसा आधीच ठरलेला असतो. तो कागद म्हणजे वाहतूक मोजणीचा तक्ता. बहुतेक नवे लोक इथेच अडकतात, आणि अडकलोय हे कळेपर्यंत निविदा निघालेली असते. म्हणून या एका मुद्द्यावर जास्त वेळ घेतो.

सल्लागार कंपनी चौकात मोजणी करते आणि आकडे ‘पीसीयू’मध्ये, म्हणजे ‘पॅसेंजर कार युनिट’मध्ये देते. सगळी वाहनं मोटारीच्या मापात बदलायची ही पद्धत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांसाठीच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०६ मध्ये, मोटार १. दुचाकींचं प्रमाण १० टक्के किंवा जास्त असेल तर एक दुचाकी ०.७५, रिक्षांचं प्रमाण तेवढं असेल तर एक रिक्षा २. बसचं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असेल तर बस २.२, आणि १० टक्क्यांच्या पुढे गेलं तर ३.७. पायी चालणाऱ्याला या मापात आकडाच नाही.

समजा सकाळच्या एका तासात एका दिशेने ६०० दुचाकी, २८० मोटारी, १०० रिक्षा आणि २० बस गेल्या. तक्त्यात अनुक्रमे ४५०, २८०, २०० आणि ४४ असे एकूण ९७४ पीसीयू येतील. सल्लागार स्लाइड दाखवतो, बसचा वाटा साडेचार टक्के दिसतो, आणि सभेतलं कुणीतरी उठून म्हणतं की एवढ्याशा बससाठी वेगळी लेन कशाला? आता तीच वाहनं माणसांत मोजा. दुचाकीवर सरासरी १.४, मोटारीत १.५, रिक्षात चालक सोडून १.७ आणि बसमध्ये ५० माणसं धरली, तर ८४०, ४२०, १७० आणि १०००. फुटपाथवरून त्याच तासात ५०० माणसं चालत गेली असतील तर एकूण २९३० माणसं, आणि त्यातली १५०० बसने किंवा पायी. निम्म्याहून जास्त! आकडे कल्पित आहेत, पण हा हिशेब कुठल्याही गजबजलेल्या रस्त्यावर स्वतः करून पाहा.

पीसीयू हे खोटं माप नाही. सिग्नलची वेळ बसवायला, रस्त्याची क्षमता काढायला ते लागतंच. गडबड होते ती रस्ता कुणाला किती द्यायचा हा प्रश्न त्याच मापाने सोडवताना. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात रस्त्याच्या जागेचं वाटप वाहनांऐवजी माणसांना केंद्रस्थानी ठेवून करावं असं स्पष्ट म्हटलं आहे. हा आधार अर्जात लिहा. अधिकारी त्याला नाही म्हणू शकत नाहीत, फार तर गप्प बसतात.

म्हणून माणसांची मोजणी स्वतः करा. फार खर्चिक नाही. रस्त्याच्या एका ठिकाणी प्रत्येक दिशेला चार जण लागतात. एक दुचाकी, एक मोटारी आणि रिक्षा, एक फक्त बस, एक पादचारी आणि सायकली. मंगळवार ते गुरुवारमधला दिवस घ्या. सुट्टी, सण, परीक्षेचे दिवस टाळा. नोंद पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत करा, म्हणजे एखादा रकाना चुकला तरी दिवस वाया जात नाही. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळा सगळेच घेतात. तुम्ही पहाटे ५ ते ७ आणि दुपारी १२ ते २ सुद्धा घ्या. पहाटे सफाई कर्मचारी, मंडईतले विक्रेते आणि पहिल्या पाळीचे कामगार असतात. दुपारी शाळेतून मुलांना आणणाऱ्या बाया आणि आजी-आजोबा असतात. नेमकी हीच माणसं सल्लागाराच्या अहवालातून गळतात.

बसमधली गर्दी बाहेरून मोजता येत नाही, म्हणून चार वर्ग ठरवा : जागा रिकाम्या, जागा भरलेल्या, मधली वाट भरलेली, दारात लोक. प्रत्येक वर्गाची सरासरी काढायला आधी त्याच मार्गावर काही फेऱ्या स्वतः बसमध्ये बसून डोकी मोजा. नऊ मीटरची मिडी बस आणि बारा मीटरची बस यांना एकच आकडा लावू नका. मोजणारा थांब्याच्या अलीकडे उभा करा. मोठ्या थांब्याच्या पलीकडे उभा राहिला तर बस रिकामी झालेली दिसते आणि तुमचाच आकडा तुमच्या विरोधात जातो. खांबावरचा कॅमेरा वाहनं नीट मोजतो, बसच्या आतलं त्याला दिसत नाही. पादचाऱ्यांत रस्त्याच्या कडेने जाणारे आणि रस्ता ओलांडणारे वेगळे लिहा, आणि बाई, पुरुष, मूल, ज्येष्ठ, ओझं घेतलेले एवढे रकाने ठेवा.

एवढं करूनही सापळ्याचा अर्धाच भाग सुटतो. जो रस्त्यावर आलाच नाही तो कुठल्याच मोजणीत येत नाही. व्हीलचेअर वापरणारी एकही व्यक्ती दिसली नाही, म्हणून रॅम्पची गरज नाही, असा निष्कर्ष काढणारे अहवाल असतात. फुटपाथची कड दीड फूट उंच असेल तर व्हीलचेअर दिसेल कशी? ओलांडायला जागाच नाही म्हणून पलीकडच्या शाळेऐवजी अलीकडच्या शाळेत मुलीला घातलं, हा निर्णय कोणत्या रकान्यात बसणार? त्यासाठी घरोघरी जाऊन बोलावं लागतं.

बोलताना ‘तुम्हाला काय हवंय’ असं विचारू नका. उत्तर येतं, ‘रस्ता चांगला करा.’ त्याऐवजी काल सकाळी उठल्यापासून कुठे कुठे गेलात, कशाने, किती वेळ थांबलात, किती पैसे गेले, हे क्रमाने विचारा. घरकाम करणाऱ्या बाईचा दिवस असा लिहून काढलात की कळतं : चार घरं, मधे रेशन, मधे मुलाची शाळा, म्हणजे सहा-सात छोटे टप्पे. प्रत्येक टप्प्याला नवं तिकीट लागत असेल तर ती पायीच जाते, आणि पायी जाणारं माणूस पीसीयूत शून्य. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कशाने आणि किती लांब जातात याचा तक्ता आहे, तो जरूर वापरा. पण त्यात फक्त कामाचा प्रवास आहे. शाळा, दवाखाना, बाजार नाही.

सभेची वेळ आणि जागा यांवर माझं मत ठाम आहे. शनिवारी सकाळी अकरा वाजता महापालिकेच्या सभागृहात घेतलेली बैठक म्हणजे सोसायट्यांच्या अध्यक्षांची बैठक. त्यांचं म्हणणं ऐकायलाच हवं, पण त्याला शहराचं म्हणणं समजू नका. पर्वतीच्या उतारावरच्या जनता वसाहतीसारख्या ठिकाणी दुपारी तीननंतर बायकांची, रात्री आठनंतर पुरुषांची अशा दोन वेगळ्या बैठका समाजमंदिरात घ्या. विक्रेत्यांशी दुपारच्या मंद वेळात त्यांच्या गाडीपाशी बोला. पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे आणि त्यातल्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे असावे लागतात. आराखडा फुटपाथ बदलणार असेल तर या समितीला सुरुवातीलाच बोलवा.

आणि गुगल फॉर्म. तो पाठवून लोकसहभाग झाला असं कृपा करून मानू नका. फॉर्म भरणारे कोण असतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पूरक म्हणून चालेल. अहवालात त्याचे निकाल वेगळ्या पानावर द्या, बाकीच्यांत मिसळू नका.

बैठकीत नकाशा १:५०० चा, निदान ए-१ आकाराचा असावा. त्यावर आधी देऊळ, दवाखाना, पाण्याचा नळ, शाळा अशा खुणा लोकांकडूनच करून घ्या. दिशा सापडल्याशिवाय कुणी मत देत नाही. मग सगळे मिळून प्रत्यक्ष रस्त्यावर चाला, टेप घेऊन. आयआरसी १०३, म्हणजे पादचाऱ्यांच्या सोयींसाठीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे निवासी भागातही फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी, कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको, रॅम्पचा उतार १:१२ हवा. मोकळी रुंदी म्हणजे विजेचा डीपी बॉक्स, झाडाचा आळा आणि पार्क केलेल्या गाड्या सोडून उरते ती. ओलांडायचा वेळही मोजा. १.२ मीटर प्रति सेकंद या वेगाने २४ मीटर रुंद रस्त्याला २० सेकंद लागतात. काठी घेतलेल्या आजी ०.८ ने चालत असतील तर ३० सेकंद. सिग्नल २० सेकंदांचा असेल तर त्या मध्यावर अडकणार, हे आकड्यात लिहिलं की वाद संपतो.

आता फाइल. चांगलं काम करणारी मंडळी इथे हरतात, कारण त्यांना वाटतं की बैठकीत साहेब ‘हो’ म्हणाले. तोंडी होकाराला काही किंमत नाही. पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा तपशीलवार अंदाज), प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश या साखळीत पूर्वगणनपत्रकाच्या आधी तुमचा कागद आवक क्रमांकासह गेला तर बदल शक्य असतो. निविदेनंतर रुंद फुटपाथ मागितला तर ‘जादा बाब’ म्हणून अडतो. महापालिकेचं अंदाजपत्रक नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी येतं, म्हणून दिवाळीच्या आतच पथ विभागात अर्ज द्या. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची सोय आहे. छोटी कामं, म्हणजे एखादं क्रॉसिंग, थांब्याचं शेड, तुटलेला रॅम्प, त्यातून मागा. सगळा रस्ता त्यातून होत नाही, आणि न झाल्यावर निराश होण्यातही अर्थ नाही.

कोणाकडे काय आहे हे पाठ करा. फुटपाथ पथ विभाग, दिवे विद्युत विभाग, झाडं उद्यान विभाग, थांबा पीएमपीएमएल (शहराची बससेवा), विक्रेते अतिक्रमण विभाग, सिग्नलच्या वेळेसाठी वाहतूक पोलीस, मेट्रो स्थानकाच्या पायऱ्या महामेट्रो. एक थांबा दहा मीटर सरकवायला यातल्या चौघांची संमती लागू शकते. सगळ्यांना एकाच पत्राच्या प्रती पाठवा आणि प्रत्येकाची पोच घ्या.

विकास आराखड्यावरच्या हरकती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली येतात. प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, हरकतींवर सुनावणी कलम २८ खाली नियोजन समिती घेते, आणि मंजूर आराखड्यातला किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली होतो. मुदत नोटिशीत छापलेली असते, तीच धरा. एकाच मजकुराच्या पाचशे प्रती देऊ नका, त्यांचा एक गठ्ठा होतो आणि एका ओळीत निकाल लागतो. मोजमाप, फोटो आणि सर्व्हे क्रमांक असलेल्या दहा वेगवेगळ्या हरकती जास्त जड पडतात. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागा ते नेमकं : वाहतूक मोजणीचा कच्चा तक्ता, रस्त्याचा आडवा छेद (फुटपाथ, लेन किती रुंद हे दाखवणारं रेखाचित्र), पूर्वगणनपत्रक. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं तर काहीच मिळत नाही.

मार्गदर्शक निवडताना एक बघा : तो स्वतः महिनाभर बसने फिरलाय का? नसेल तर त्याच्याकडून सॉफ्टवेअर शिका, प्राधान्य शिकू नका. फाइल कशी हलते हे शिकायचं असेल तर कनिष्ठ अभियंत्याशी ओळख ठेवा. तो तुमचा शत्रू नाही. बहुतेक वेळा फुटपाथ अरुंद का झाला हे त्याला तुमच्याआधी माहीत असतं, फक्त त्याच्या बाजूने लिहिलेला कागद नसतो. तो कागद तुम्ही द्या. आणि कंडक्टर. कोणत्या थांब्यावर कोण चढतं, कुठे बस थांबवता येत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

घाबरू नका, पण काम टिकेल असंही गृहीत धरू नका. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी सुरू झाली, देशातल्या पहिल्या प्रयोगांपैकी एक. मधोमध असलेल्या थांब्यापर्यंत सुरक्षित पोहोचायची सोय अनेक ठिकाणी अपुरी राहिली, आणि तक्रारींचा आवाज मोटारवाल्यांचा मोठा होता. नगर रस्त्यावरची बीआरटी २०१६ मध्ये सुरू झाली आणि पुढे काढून टाकली गेली. तिथे बसने जाणाऱ्या माणसांची संख्या दर वर्षी मोजून, छापून, सभागृहात मांडणारा एखादा गट असता तर ती काढणं इतकं सोपं गेलं नसतं असं मला वाटतं.

म्हणून मोजणी एकदाच करू नका. काम सुरू होण्याआधी, काम संपल्यावर सहा महिन्यांनी, आणि पुढे दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, त्याच रकान्यांत. कोणत्या सूचना मान्य झाल्या, कोणत्या नाकारल्या आणि का, हे वस्तीतल्या फलकावर मराठीत मोठ्या अक्षरांत लावा. नाकारलेल्याही लावा, नाहीतर पुढच्या बैठकीला कुणी येणार नाही. कार्यादेशाची प्रत मिळवून त्यातला दोषदायित्व कालावधी लाल पेनाने अधोरेखित करा. तेवढ्या काळात रॅम्प खचला, टाइल उखडली तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते, मात्र तक्रार लेखी आणि मुदतीच्या आत गेलेली असावी लागते.