आठवड्याला एक शब्द : रोजच्या जगण्यातून लिहायचं कसं

लिहायची हौस असलेली माणसं आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्यातली बरीचशी 'पण लिहू काय?' इथेच अडतात. आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा, आईवडिलांची औषधं. यात कसली आली आहे गोष्ट? यावर मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय असा : दर आठवड्याला एक शब्द घ्यायचा, आठवडाभर तो मनात घोळवायचा आणि शेवटी त्यावर एक पान लिहायचं. हल्ली याला प्रॉम्प्ट म्हणतात. मराठीत अशा शब्दांवर शशक, म्हणजे नेमक्या शंभर शब्दांच्या कथा, आणि अलक, म्हणजे अति लघुकथा, हौसेने लिहिल्या जातात. सोबतीला कुणी असेल तर उत्तमच, पण एकट्यानेही हे छान जमतं.

दिलेल्या शब्दावर लिहिण्याचा हा खेळ आपल्याकडे जुनाच आहे. राजसभांमध्ये समस्यापूर्ती चालायची. श्लोकाचा एक चरण द्यायचा आणि कवीने बाकीचे तीन रचून त्याला अर्थ आणून द्यायचा. कालिदास आणि भोजराजाच्या दंतकथांमधली एक समस्या तर प्रसिद्धच आहे : 'ठंठं ठठं ठं ठठठं ठठं ठः'. नुसते ठकार. यावर काय लिहिणार? उत्तर आलं ते असं : रामाच्या अभिषेकासाठी पाणी आणणाऱ्या युवतीच्या हातून सोन्याचा घट निसटला आणि पायऱ्यांवरून खाली गेला, त्याचा हा आवाज. पुढे जे काही सांगणार आहे त्याचं मूळ या श्लोकात आहे. समोर निरर्थक अक्षरं असताना कवीने एक हात, एक भांडं आणि एक जिना शोधला. शब्द मिळाला की त्यावर मत द्यायचं नाही, घडलेलं काहीतरी द्यायचं.

आधी चिठ्ठ्या करा

एका बैठकीत निदान तीन महिन्यांचे शब्द लिहून ठेवा, म्हणजे बारा-तेरा चिठ्ठ्या. त्या घडी घालून एखाद्या रिकाम्या डब्यात टाका. रविवारी संध्याकाळी एक काढायची आणि काढलेली परत टाकायची नाही. हा नियम कडक पाळा. नकोसा शब्द आला की तो बदलावासा वाटतो, पण नकोशा शब्दावर आपल्याकडे तयार उत्तर नसतं, त्यामुळे खरं शोधावं लागतं.

शब्द निवडताना 'प्रेम', 'निसर्ग', 'एकटेपणा', 'माणुसकी' असले शब्द बाजूला ठेवा. यांच्यावर लिहायला बसलं की शाळेतला निबंध जागा होतो आणि 'मानवी जीवनात प्रेमाला अनन्यसाधारण महत्त्व आहे' हे वाक्य आपसूक कागदावर उतरतं. हाताला लागणाऱ्या वस्तू घ्या : किल्ली, झाकण, रद्दी, चष्मा, दळण, पायपुसणं, छत्री, भांड्यावर कोरलेलं नाव. एकटेपणावर लिहायचंच असेल तर 'एका माणसापुरता कुकर' अशी चिठ्ठी करा. एकटेपणा त्यात येतोच, आणि तो निबंधातल्यापेक्षा जास्त खरा असतो.

काही चिठ्ठ्यांवर वस्तूऐवजी कानावर पडणारी वाक्यं लिहा : 'सुट्टे द्या.' 'तुम्ही मूळचे कुठले?' 'बसा, चहा टाकते.' 'पुढे सरका, जागा आहे.' काहींवर नुसत्या वेळा लिहा : नळाला पाणी यायची वेळ, वीज गेल्यानंतरची पहिली पाच मिनिटं, पाहुणे निघाल्यावर दाराशी चालणाऱ्या गप्पा. या शेवटच्या चिठ्ठीवर तर कुठल्याही मराठी घरात कादंबरी निघेल. तासभर बैठकीत न निघालेला खरा विषय चपला घालता घालता निघतो.

आठवडाभर फक्त टिपा

सोमवार ते शनिवार लिहायला बसू नका. रोज एक ओळ टिपायची, बस. त्यासाठी वेगळी वही हवीच असं नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी याच कामाच्या आहेत. आपल्याकडे कित्येक घरांत दुधाचा हिशोब, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या बाईंचे खाडे, दंतवैद्याची वेळ हे सगळं त्या चौकटींतच लिहिलेलं असतं. जुनी कॅलेंडरं रद्दीत गेली नसतील तर काढून बघा. एखाद्या महिन्यात दूध एकदम दुप्पट झालेलं दिसेल आणि आठवेल, तेव्हा कोण आलं होतं, का राहिलं होतं. रोजच्या जगण्याची इतकी प्रामाणिक नोंद दुसरीकडे सापडणं कठीण.

आता एक शब्द घेऊन अख्खा आठवडा बघू. समजा चिठ्ठी निघाली 'दळण'. टिपणं अशी होतील :

सोमवार : दळणाच्या डब्यावर आईचं माहेरचं नाव कोरलंय. लग्नातला डबा.

मंगळवार : गिरणीत एक आजी बजावत होत्या, 'बाजरीवर माझे गहू घालू नकोस हो बाबा.'

बुधवार : पीठ गरम असताना झाकण लावायचं नाही. पाणी सुटतं.

गुरुवार : काही नाही.

शुक्रवार : मुलगा म्हणतो, पाकीट मागव, दहा मिनिटांत येईल.

शनिवार : गिरणीवाल्याच्या भुवयांवर पीठ. वय कळत नाही.

गुरुवार रिकामा आहे, त्याने काही बिघडत नाही. टिपणांत एकही विशेषण मुद्दाम सजवलेलं नाही, हेही बघा. टिपताना जे दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं तेवढंच. आणि माणसं जशी बोलली तशीच लिहा. 'घालू नकोस हो बाबा' याचं 'गहू दळू नका अशी सूचना केली' करून टाकलंत तर आजी पानातून उठून गेल्या. तुमच्या घरात वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी बोलली जात असेल तर संवाद त्याच बोलीत राहू द्या. ती शुद्ध करायला बसू नका.

पहिले विचार सोडून द्या

शब्द वाचल्यावर झटकन जे सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं. 'दळण' म्हटलं की जातं, पहाट, ओव्या, कष्टाळू आजी. 'पाऊस' म्हटलं की भजी आणि चहा. 'डबा' म्हटलं की शाळेची मधली सुट्टी. हे खोटं नाही, पण ते इतक्यांदा लिहून झालंय की वाचणारा पुढचं वाक्य आधीच ओळखतो. म्हणून रविवारी सकाळी बसल्यावर आधी सुचलेले तीन-चार विचार कागदाच्या कडेला लिहा आणि त्यावर काट मारा. मग टिपणांकडे वळा आणि स्वतःला विचारा : यातलं कुठलं टिपण माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी लिहिलं नसतं? बहुतेक वेळा ते सगळ्यात क्षुल्लक वाटणारं असतं. वरच्या यादीत मला तरी बुधवारचं वाटतं. त्यात घरातला एक नियम आहे, आणि जिथे नियम असतो तिथे तो घालणारं माणूस असतं, मोडणारंही असतं.

बसा आणि थांबू नका

वीस मिनिटांचा गजर लावा. तो वाजेपर्यंत हात थांबवायचा नाही, मागचं वाचायचं नाही, शब्द अडला तर मोकळी जागा सोडून पुढे जायचं. कागदावर लिहा, मोबाइलवर टाइप करा, सोयीचं असेल ते. मराठी टाइप करण्याचा कंटाळा असेल तर बोलून टाइप करून बघा. विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात, पण एक फायदा होतो : वाक्यं बोलल्यासारखी येतात, पुस्तकी होत नाहीत.

पहिल्या पाच मिनिटांत बहुतेकांकडून काहीसं असं उतरतं :

'पूर्वी घरोघरी जाती होती. बायका पहाटे उठून दळण दळत. आता काळ बदलला आहे. पाकिटातले पीठ आले. पण त्यात ती चव नाही आणि तो जिव्हाळाही नाही.'

व्याकरणात खोट काढता येणार नाही. पण या पाच वाक्यांत माणूस कुठे आहे? कुणाची चव, कुणाचा जिव्हाळा? गजर वाजायला अजून वेळ आहे, तेव्हा लिहीत राहा. बुधवारच्या टिपणापाशी पोचलात की असं काही निघेल :

'गिरणीतून डबा आला की आई झाकण तिरकं ठेवायची. पीठ निवेपर्यंत झाकायचं नाही, आतून पाणी सुटतं. तोवर स्वयंपाकघरात पंखा लावायचा नाही, फडकं झटकायचं नाही, कुणी शिंकायचंही नाही. आम्ही भावंडं हळूच बोट घालून बघायचो, अजून गरम आहे का. बोट पांढरं झालेलं तिला बरोबर दिसायचं. परवा मुलाने मागवलेलं पाकीट आलं. फोडलं, बोट घातलं. पीठ गार होतं.'

विषय तोच आहे, जुनं आणि नवंही तेच आहे. पण आता एक स्वयंपाकघर दिसतं, एक बोट दिसतं आणि आई न सांगता कळते.

खोडायचं काय

लिहून झालं की लगेच हात लावू नका. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य मोडा. त्यानंतर माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम : शेवट तपासा. वरच्या उताऱ्यात 'पीठ गार होतं' नंतर हात शिवशिवतो, 'नात्यांमधली ऊबही अशीच हरवत चालली आहे' असं लिहून टाकावंसं वाटतं. लिहू नका. लिहिलं असेल तर खोडा. वाचणाऱ्याला जे कळलंय ते त्याला पुन्हा सांगितलं की त्याचा आनंद आपण काढून घेतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या लेखनात शेवटची दोन वाक्यं जास्तीची असतात. प्रत्येक आठवड्याला ती झाकून वाचून बघा, त्यांच्यावाचून लेख उभा राहतो का.

भाषेची एक गोष्ट सांभाळा. 'केलं, गेलं, असं' लिहायचं की 'केले, गेले, असे', हे सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. दोन्हींची सरमिसळ झाली की लिहिणाऱ्याचा आवाज मध्येच बदलल्यासारखा वाटतो. घरगुती विषयांना मला 'केलं' जवळचं वाटतं, पण ते ज्याने-त्याने ठरवावं.

आकार बदलत राहा. एका आठवड्यात नेमके शंभर शब्द लिहा. कुठला शब्द कामाचा आहे आणि कुठला नुसता बसून आहे, ते शशक जितकं शिकवते तितकं दुसरं काही शिकवत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच लांबीचं पत्र लिहा, नुसता संवाद लिहा, किंवा घडलेलं सोडून कल्पनेत शिरा : त्या आजींनी बाजरीवर गहू घालू न देण्यामागे काय असेल? इथून कथा सुरू होते.

माणसं आपलीच आहेत

रोजच्या जगण्यावर लिहायचं म्हणजे नवरा, बायको, सासूबाई, शेजारी, कामाच्या मावशी पानावर येणारच. स्वतःच्या वहीत हवं ते लिहा, तिथे कुणाची भीड ठेवू नका. पण दुसऱ्याच्या हाती देण्याआधी थांबा. कुणाचं आजारपण, पैशांची ओढाताण, घरातलं भांडण असेल तर त्या माणसाला आधी वाचायला द्या, नाहीतर ओळख पटणार नाही इतके तपशील बदला : गाव, नातं, वय, व्यवसाय. घरकाम करणाऱ्या बाईंबद्दल लिहिताना तर जास्तच जपा. त्यांना आपलं लिखाण अडवण्याची सोय सहसा नसते, आणि त्यांच्या कष्टांवर आपण हळवं होणं त्यांना आवडेलच असं नाही.

वाचायला कुणाला द्यायचं? एक-दोन माणसं पुरतात. कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुप यासाठी नाही. तिथे टाळ्यांपलीकडे काही मिळत नाही किंवा मग 'हे असं झालंच नव्हतं' यावर वाद होतो. वाचणाऱ्याला 'कसं वाटलं?' असं विचारू नका, कारण उत्तर 'छान' असंच येतं. दोन प्रश्न विचारा : डोळ्यांसमोर काय आलं, आणि लक्ष कुठे उडालं. तुम्ही दुसऱ्याचं वाचाल तेव्हाही याच दोन गोष्टी सांगा.

आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात दोन शब्द घेऊन भरपाई करू नका. चुकलेला सोडा, नवी चिठ्ठी काढा. लग्नसराईत, गणपतीत, आजारपणात असे आठवडे जाणारच, आणि त्याच आठवड्यांतून पुढच्या चिठ्ठ्यांसाठी शब्द मिळतात.

तीन महिन्यांनी

सगळी पानं एकदम वाचायला घ्या. काही वस्तू, एखादं माणूस, एखादी खोली वेगवेगळ्या शब्दांखाली पुन्हा पुन्हा आलेली दिसेल. तो तुमचा खरा विषय. त्यातली दोन-तीन पानं एकत्र जोडून सात-आठशे शब्दांचा ललित लेख करून बघा. छापून यावं असं वाटत असेल तर दिवाळी अंकांची वाट मोकळी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही प्रथा चालू आहे आणि आजही दरवर्षी शेकडो अंक निघतात. अंक दिवाळीत येत असले तरी साहित्य बहुधा पावसाळ्यातच गोळा होतं, तेव्हा ऑक्टोबरमध्ये पाठवून उपयोग नाही. आधी त्या अंकाचा मागच्या वर्षीचा एखादा अंक वाचा, शब्दमर्यादा बघा आणि एक लेख एका वेळी एकाच संपादकांकडे पाठवा. बऱ्याच अंकांना अप्रकाशित साहित्य हवं असतं आणि फेसबुकवर टाकलेला मजकूर काही संपादक प्रकाशित झालेलाच धरतात. म्हणून जे पान पाठवायचं मनात आहे, ते त्यांचं उत्तर येईपर्यंत कुठेही टाकू नका.