गरम ब्रश दाढीला लावायच्या आधी

लग्न मे महिन्यातलं असेल तर दाढीची तयारी एप्रिलच्या सुरुवातीलाच धरा. कुरळी, राठ दाढी विजेवर तापणाऱ्या गरम ब्रशने सरळ करायला पाच-सात मिनिटं पुरतात. केस जळतात, गाल भाजतो, तासाभरात दाढी पुन्हा गुंडाळते, ते बहुतेक वेळा त्याआधीचं काहीतरी पाहायचं राहून गेल्यामुळे. मी गेली नऊ वर्षं दाढी ठेवतो आणि घरातल्या चार भावांच्या दाढ्या त्यांच्या लग्नात मीच सेट केल्या. त्यातली पहिली माझ्या हातून बिघडली.

मामेभावाचं लग्न होतं, नागपुरात उमरेड रोडवरच्या हॉलमध्ये. वरात निघायला अर्धा तास होता. तो आंघोळ करून आला, टॉवेलने दाढी पुसली, वरून कोरडी वाटत होती. मी ब्रश सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवला आणि हनुवटीपाशी लावला. चुर्र आवाज आला, वाफ निघाली. वाफ निघते म्हणजे ब्रश काम करतोय असं मला वाटलं, म्हणून तिथेच आणखी दोनदा फिरवला. रुपयाच्या नाण्याएवढी जागा तांबूस, खरखरीत झाली आणि बोटात धरताच केस तुटून हातात यायला लागले. कात्री घेऊन बाजूचे केस कमी केले, जमेल तेवढं झाकलं. तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे ना दादा, केस तं येतेच परत." लग्नाच्या फोटोंत ती जागा अजून दिसते आणि मला अजून वाईट वाटतं.

त्या चुर्र आवाजाचा अर्थ मला नंतर कळला. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यातले काही बंध पक्के असतात, ब्रशच्या उष्णतेने ते मोडत नाहीत. काही बंध मात्र कच्चे असतात, ते पाण्याने सुटतात, उष्णतेनेही सुटतात आणि केस सुकून थंड झाला की त्या वेळी जसा धरला असेल तसेच पुन्हा जुळतात. दाढी सरळ होते ती एवढ्याच जोरावर, आणि ओल लागली की परत वळते तीही याच कारणाने. पण केसाच्या आत पाणी मुरलेलं असताना ब्रशची तापलेली पट्टी लागली तर ते पाणी जागच्या जागी उकळतं. वाफेला बाहेर पडायला वाट नसते, मग केसाच्या दांड्यात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथे पोकळ होऊन तुटतो. यावर तेल नाही, सिरम नाही. तेवढा केस कापायचा आणि नवा यायची वाट पाहायची. म्हणून माझं सगळं सांगणं एका गोष्टीवर येतं: हत्यार कमी तापवा, दाढी जास्त वाळवा.

आता महिनाभर आधीपासून काय पाहायचं ते. पहिली लांबी. दाढी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते. गरम ब्रश लावायला केस निदान अडीच-तीन सेंटिमीटर हवेत, त्याहून कमी असतील तर पट्टी चामडीला टेकतेच. तेवढी लांबी नसेल तर ब्लो ड्रायर आणि साधा गोल ब्रश वापरा, खुंटांवर गरम पट्टी फिरवू नका. दुसरं, कुरळी दाढी सरळ झाली की चांगलीच लांब दिसते आणि कुठला केस कुठे जास्त वाढलाय ते उघडं पडतं. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी एकदा घरी दाढी सरळ करा आणि तशीच घेऊन सलूनमध्ये जा. सलूनवाल्या दादांना आधीच सांगा की त्या दिवशी दाढी सरळ राहणार आहे, त्या हिशोबाने टोकं घ्या. कुरळ्या दाढीला आकार देऊन मग ती सरळ केली तर एक बाजू लोंबते. गालाची आणि मानेची लाइन मात्र तेव्हाच पक्की करून घेऊ नका, ती आदल्या दिवशी मारा. त्याच सकाळी वस्तरा लागला तर चामडी सोललेली असते, घामाने चुरचुरते आणि त्यावर गरम वाफारा सहन होत नाही.

हत्यार विकत घ्यायचं असेल तर तापमानाचा आकडा दिसतो का आणि तो कमी-जास्त करता येतो का, एवढं आधी पाहा. फक्त चालू-बंद बटण असलेलं स्वस्त मॉडेल घेऊ नका, ते नेमकं किती तापतं ते तुम्हाला कधीच कळत नाही. पातळ, मऊ दाढीला १२० ते १३० अंश सेल्सिअस खूप झाले. राठ दाढीला १५० ते १६०. १८० च्या वर मी कोणाच्याच दाढीला जात नाही. ब्रशच्या दातांना बोट लावून नीट पाहा: गरम दातांच्या पुढे न तापणारी बोथट टोकं असायला हवीत, म्हणजे ब्रश गालाला टेकला तरी आधी ती टेकतात. काकांनी अमेरिकेतून आणून दिलेला ब्रश असेल तर मागचं लेबल वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर चिंता नाही. नुसतं १२० व्होल्ट असेल तर तो आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये लावूच नका. पिनेचा अ‍ॅडॉप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही, आणि जवळजवळ दुप्पट व्होल्टेजवर उष्णता दुप्पट नाही, साडेतीन पटीच्या वर जाते.

नवा ब्रश पहिल्यांदा लग्नाच्या सकाळी उघडायचा नाही. निदान तीन वेळा आधी वापरा, दोन वेळांमध्ये तीन-चार दिवसांचं अंतर ठेवून. पहिल्या वेळी सगळ्यात कमी आकड्यावर, जबड्याच्या मागच्या बाजूला एका बटेवर. आकडा दाखवतो तेवढंच हत्यार तापतं असं नाही, म्हणून तापल्यावर आधी पांढरा टिश्यू पेपर त्यावर दहा सेकंद धरा. कागद पिवळा पडला तर ते दाढीजवळ नेऊ नका. ही पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात, १८७२ च्या सुमारास, पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातोने तापलेल्या चिमट्याने केसांना लाटा पाडायची रीत काढली. तेव्हाच्या चिमट्यांना आकडे कुठले, ते कागदावर दाबूनच पाहायचे.

दाढी काळी करायची असेल तर तो दिवस वेगळा ठेवा, सेट करायच्या निदान चार-पाच दिवस आधीचा. काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांत पीपीडी नावाचं रसायन असतं आणि ते काहींना जोरात बाधतं, चेहरा सुजतो. कानामागे थोडं लावून ४८ तास वाट पाहा, मगच दाढीला लावा. चेहऱ्यावर ब्लीच, फेशियल, मुरुमांची रेटिनॉइड क्रीम सुरू असेल तरी सांभाळून, कारण तेव्हा चामडी नाजूक झालेली असते आणि एरवी सोसणारी गरमी तिला सोसत नाही.

हळदीचा विचार फार कमी जण करतात. हळदीच्या दिवशी तेल आणि हळद दाढीच्या मुळापर्यंत जाते, भाऊबंद तर मुद्दाम चोळतात. साबण लागला की हळद लालसर होते आणि घाबरून माणूस आणखी घासतो. घासू नका. आधी थोडं खोबरेल लावून कापसाने हळद ओढून घ्या, मग सौम्य शाम्पूने दोनदा धुवा. दाढीत पांढरे केस असतील तर त्यांच्यावर पिवळी झाक उरते, म्हणून हळदीआधी त्या केसांना पेट्रोलियम जेली लावून ठेवा. तेल पूर्ण निघालं पाहिजे. तेलकट केसांवर गरम पट्टी म्हणजे केस तळणंच आहे. दाढीचं तेल सगळ्यात शेवटी, केस थंड झाल्यावर.

धुण्याच्या पाण्याकडेही लक्ष द्या. नागपुरात नळाला पेंच-कन्हान नद्यांचं पाणी येतं तिथे फारसा प्रश्न नाही, पण हॉलवर किंवा नवीन लेआउटमध्ये बोअरचं जड पाणी असलं तर केसांवर पांढुरका थर बसतो आणि दाढी कितीही वाळवली तरी चरचरीत लागते. शेवटचे दोन मग फिल्टरच्या पाण्याचे घ्या.

वाळवण्यासाठी अर्धा तास वेगळा काढाच. टॉवेल दाबून ओल टिपा, रगडू नका. मग मोकळ्या दातांच्या कंगव्याने गाठी सोडवा आणि ड्रायर मध्यम गरम हवेवर, एक हात लांब धरून फिरवा. वरचे केस लवकर वाळतात, फसवतात ते हनुवटीखालचे. हाताची मागची बाजू त्या केसांत मुळापर्यंत घाला. थंड लागलं तर आत ओल आहे. ओल उडत असते म्हणून ती जागा गार लागते. गार लागायचं थांबेपर्यंत ब्रश चालू करायचा नाही.

आता कूलर. मे महिन्यात, त्यातही नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, नागपूरची हवा इतकी कोरडी असते की दाढी वाळायला याहून चांगला मोसम नाही. पण तयार व्हायच्या खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर जोरात चालू असतो आणि नवरदेवाला सगळे मायेने त्याच्याच समोर बसवतात. कूलर ओली हवा फेकतो. त्या झोतात बसून दाढी सरळ केली तर वाळवलेले केस पुन्हा ओल धरतात, अर्धी दाढी होईपर्यंत पहिली अर्धी वळायला लागते. म्हणून पंख्याची वेगळी खोली आधीच ठरवून घ्या, दार लावून घ्या. एसी असेल तर उत्तम. गरम होईल, कपाळाला घाम येईल, कोणाला तरी तो टिपायला जवळ उभं करा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बाहेरची हवाच ओली असते. तेव्हा दाढी दिवसभर सरळ राहील ही आशा धरू नका, थोडा वळसा राहू देऊन वॅक्सने बसवा. डिसेंबरच्या थंडीत प्रश्न उलटा, चामडी कोरडी पडून दाढीत कोंडा दिसतो, आठवडाभर आधीपासून रोज रात्री मॉइश्चरायझर मुळाशी चोळा.

खोलीतही काही गोष्टी पाहून ठेवायच्या. हॉलच्या खोलीतल्या सगळ्या सॉकेटांत मोबाइल चार्ज होत असतात, आपला एक्सटेन्शन बोर्ड घरून न्या. बेसिनपासून लांब बसा. तापलेला ब्रश गादीवर, शालूच्या घडीवर ठेवला जाऊ नये म्हणून स्टीलचं ताट उलटं करून शेजारी ठेवा. लग्नघरात लहान मुलं कुठूनही येतात, काम झालं की लगेच पिन काढा आणि ब्रश उंचावर ठेवा. लाईन जाण्याचीही तयारी हवी: दाढी आदल्या रात्रीच धुऊन ठेवा, सकाळी फक्त तोंड पुसा, म्हणजे ऐनवेळी ड्रायरवाचून अडत नाही. आणि एक भरलेली बादली, मग शेजारी. भाजलंच तर ती जागा २० मिनिटं साध्या, शक्यतो वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळदही नाही. फोड आला तर फोडू नका, मोठा असेल तर डॉक्टरांना दाखवा, लग्न असलं तरी.

एवढं झालं की प्रत्यक्ष काम थोडं आहे. उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे दोन-तीन फवारे तळहातावर घेऊन केसांना चोळा आणि तो पूर्ण वाळू द्या. खालच्या थरापासून सुरुवात करा, बोटभर रुंदीची बट, मुळाशी नखाएवढी जागा सोडून, न थांबता टोकापर्यंत. एका बटेवर दोनदा, तिसऱ्यांदा नाही. चुर्र ऐकू आलं की लगेच ब्रश बाजूला आणि पुन्हा ड्रायर. सगळं झाल्यावर दोन-तीन मिनिटं दाढीला हात लावू नका, केस थंड होताना जसे असतील तसेच बसतात. मग वाटाण्याएवढा बाम तळहातावर वितळवून वरून फिरवा.

हॉलवर जाताना गाडीवर जाऊ नका. हेल्मेटची पट्टी आणि उन्हाचा दुपट्टा, दोन्ही दाढी हनुवटीखाली दाबून घामाने भिजवतात. कारमध्येही दुपट्टा डोक्याला आणि कानांना बांधा, हनुवटी मोकळी ठेवा. करवल्याच्या खिशात लहान कंगवा, टिश्यू आणि बामची डबी असू द्या. वरातीत घाम आला की टिश्यूने टिपायचा, रुमालाने पुसायचा नाही. मुंडावळ्यांचे मोती गालावरून सुटतात आणि दाढीत अडकतात, घाईत ओढले की सेट केलेली बट बाहेर येते. म्हणून मुंडावळ्या कोण बांधणार ते आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि त्या मावशीला किंवा आत्याला सांगा, आधी दाढी थंड होऊ द्या, मग बांधा, आणि सर कानाच्या जरा मागून सोडा.