क्वालिटीतून एनपीडीत जायचंय? बदली मागताना या चुका टाळा

एप्रिलमध्ये इन्क्रिमेंटची पत्रं वाटून झाली की दोन-तीन पोरं माझ्या टेबलापाशी येतातच. "सर, एनपीडीत जागा आहे का?" चाकणला ऑटो कंपोनंटच्या एकाच प्लांटमध्ये मी 14 वर्षं आहे. आधी मशीन शॉप, मग क्वालिटी आणि आता एनपीडी, म्हणजे नवे पार्ट उभे करणारं डिपार्टमेंट. शिफ्ट नको, रोजच्या रिजेक्शनवरून बोलणी नकोत, नवीन काहीतरी शिकायचंय, हे सगळं मला समजतं. बदली मागण्यात गैर काहीच नाही. पण मागण्याची पद्धत दरवर्षी तशीच चुकते, आणि चांगली पोरं अडकून पडतात.

साहेबांना दुसऱ्याच्या तोंडून कळणं

ही चूक मी स्वतः केली आहे. क्वालिटीत असताना एनपीडीच्या साहेबांशी परस्पर बोललो. त्यांनी "बघू" म्हटलं, मी त्याचा अर्थ "हो" असा घेतला. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या मित्राला सांगितलं, "पुढच्या महिन्यात चाललो." दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये प्लॅनिंगच्या साहेबांनी आमच्या एचओडींना, म्हणजे डिपार्टमेंटच्या प्रमुखांना, सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचा माणूस चाललाय म्हणे. फायनल इन्स्पेक्शन कोण बघणार?" त्यांना काहीच माहीत नव्हतं.

ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. माझा अर्ज मात्र 8 महिने हलला नाही. तेव्हा वाटायचं, साहेब पाण्यात बघतायत. आज माझ्या हाताखाली 11 जण आहेत आणि त्या सकाळी त्यांना काय वाटलं असेल ते मला नीट कळतं. स्वतःच्या डिपार्टमेंटमध्ये काय चाललंय हे त्यांना ठाऊक नाही, असं चारचौघांत दिसलं, आणि ते माझ्यामुळे.

म्हणून आधी आपल्या साहेबांकडे जा. "आधी तिकडे चाचपून बघ, मग इकडे सांग" असा सल्ला सर्रास दिला जातो, तो मला मुळीच पटत नाही. तिकडे काम काय असतं, कोणतं ड्रॉइंग वाचता यायला हवं, हे खुशाल विचारा. जागा मात्र आपल्या साहेबांशी बोलल्यावरच मागा. मी शनिवारी दुपारी, डिस्पॅच गेल्यावर जायचो, कारण तेव्हा माणूस खुर्चीत टेकलेला असतो. बोलणंही लांबवायचं नाही: "सर, वर्षभरात मला एनपीडीत जायचंय. तुम्ही म्हणाल तेव्हा जाईन. माझ्या जागी माणूस तयार करून जाईन."

त्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही सांगा. तुमच्या कामाचा निम्मा भार त्याच्यावर पडणार असतो. कदाचित त्याच जागेवर त्याचीही नजर असेल. असेल तर दोघांनी उघडपणे अर्ज करावा. निवड कुणाचीही झाली तरी दुसऱ्या दिवशी एकत्र चहा घेता येतो. लपवून केलेला अर्ज मात्र वर्षानुवर्षं लक्षात राहतो.

"हे मला एकट्यालाच येतं"

आमच्याकडे एक फार हुशार पोरगा होता. सीएमएमवर, म्हणजे पार्टची मापं अचूक मोजणाऱ्या मशीनवर, नव्या पार्टचा प्रोग्रॅम करणं प्लांटमध्ये त्या एकट्याला जमायचं. ज्युनिअर बघायला आला की तो स्क्रीन बदलायचा. आपण एकटेच जाणतो म्हणून आपली किंमत आहे, असं त्याला वाटे. एनपीडीत जागा निघाली तेव्हा प्लांट हेडनी विचारलं, "याला सोडला तर सीएमएम कोण चालवणार?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्याच्यापेक्षा कमी कुवतीचा माणूस गेला आणि हा सहा महिन्यांत नोकरी सोडून गेला. त्याला वेळेत सांगायला हवं होतं, याची रुखरुख मला अजून आहे.

भिंतीवरचा स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता, बघा. चार भाग केलेली ती वर्तुळं ऑडिटपुरती नाहीत. तुमच्या कामासमोर दुसऱ्या कुणाच्या वर्तुळाचे तीन भाग भरलेले नसतील, म्हणजे ते काम कुणी एकट्याने करू शकत नसेल, तर बदली मागायची वेळ अजून आलेली नाही.

"एवढा वेळ कुठे आहे सर, पेनड्राइव्हमध्ये सगळं देतो," असं घाईतली पोरं म्हणतात. तो पेनड्राइव्ह नंतर कुणी उघडत नाही. मी दोन आठवडे ज्युनिअरला काम करू द्यायचो आणि फक्त शेजारी उभा राहायचो. पुढचे दोन आठवडे त्या टेबलाकडे फिरकायचो नाही, अडलं तर फोन. सोबत एक 200 पानी वही द्यायचो. कंट्रोल प्लॅनमध्ये (कुठे काय तपासायचं याच्या लेखी आराखड्यात) जे आहे ते तिच्यात नसायचं. भोकाचं माप तपासायचा कोणता प्लग गेज कधी अडकतो, कोणत्या व्हेंडरच्या लॉटला बर (कडेला राहिलेली धातूची धार) येतो, कोणत्या कस्टमरला रीवर्क केलेल्या मालाचे फोटो लागतात, एवढंच असायचं.

बाकीच्या चुका

आयएटीएफ या वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डचं ऑडिट महिन्यावर आलेलं असताना बदली मागणं. चांगला एचओडीसुद्धा नाहीच म्हणेल.

दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर दाखवून दबाव आणणं. एखाद वेळी चालतं, पण त्यानंतर महत्त्वाचं काम तुमच्या हाती कुणी देत नाही.

मुलाखतीत आपल्या डिपार्टमेंटला नावं ठेवणं. दोन्ही साहेब दुपारी एकाच टेबलावर जेवतात.

पत्र हातात पडण्याआधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदन स्वीकारणं.

घरचा हिशेब न करणं. जनरल शिफ्टला आलात की शिफ्ट अलाउन्स जातो, आणि ग्रेड बहुधा तोच राहतो. बदली आणि पगारवाढ एका दमात मागू नका.

आणि गेल्यावर जुन्या डिपार्टमेंटचे फोन न उचलणं. मी एनपीडीत आल्यावर दुसऱ्याच महिन्यात कस्टमरकडून बोअर साइजची, म्हणजे पार्टच्या भोकाच्या मापाची, तक्रार आली. ज्युनिअरचा रात्री साडेअकराला फोन. तक्रारीचं कारण आणि उपाय कस्टमरला कळवायच्या 8डीचा पहिला रिपोर्ट सकाळी द्यायचा होता. मी गाडी काढली आणि त्याच्याबरोबर पहाटे चारपर्यंत स्टॉक सॉर्ट करत बसलो. सकाळी जुने एचओडी आले, आम्हा दोघांना बघितलं आणि कँटीनमधून तीन चहा मागवले.